साथीला कोण होतं?

शास्त्रीय संगीताचा नकाशा काढायला घेतला, की मराठी माणसाचे बोट आधी पुण्यावर टेकते, मग मिरज-कोल्हापूरवर आणि गिरगाव-दादरवर. नंदुरबार त्यात सहसा येत नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सातपुड्याच्या कुशीत, गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या सीमांवर आहे. इथून मुंबई आणि पुणे दोन्ही चारशे किलोमीटरच्या आसपास. सुरत त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. अशा जागी राहणाऱ्या रसिकाला मोठ्या गवयाची बैठक समोर बसून ऐकण्याचे योग मोजकेच. त्याची भूक भागली ती रेडिओवर, तबकडीवर, कॅसेटवर आणि स्वरलिपीच्या पुस्तकांवर. म्हणून संग्रहाचा विचार करायचा, तर तो पुण्याच्या मांडवातून करण्यापेक्षा नंदुरबार, शहादा, नवापूर अशा गावांतून करणे अधिक उचित ठरते. ज्याच्या दाराशी मैफल येत नाही, त्याच्यासाठी संग्रह हीच मैफल असते.

संग्रह म्हटला की डोळ्यांपुढे कपाट येते. पण मराठी रसिकांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा व्यवहार पाहिला, तर कपाटाइतकेच महत्त्व त्याभोवती चाललेल्या बोलण्याला आहे. कोणी गायले, कुठे गायले, ती चीज कोणाकडून आली, तबल्यावर कोण होते, दुसरा अंतरा का गाळला, हे सगळे एकाने दुसऱ्याला सांगितले म्हणून टिकले. सांगणारे गेले आणि नुसत्या टेपा उरल्या, की आवाज असतो पण ओळख नसते.

या परंपरेतला सर्वांत मोठा संग्राहक पेशाने वकील होता. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म 1860 मध्ये मुंबईत वाळकेश्वरला झाला. पारशी मंडळींनी चालवलेल्या गायन उत्तेजक मंडळीत ते ऐकत गेले, शिकत गेले. पुढे वकिली सोडून देशभर फिरले आणि उस्तादांकडून चिजा मिळवल्या. त्या काळी चीज म्हणजे घराण्याची ठेव. ती परक्याच्या वहीत उतरवू देणे अनेकांना नामंजूर होते. भातखंड्यांनी कुणाचे शिष्यत्व पत्करले, कुणाची मनधरणी केली, जयपूरच्या परंपरेतल्या काही चिजा तर फोनोग्राफवर मुद्रित करून घेतल्या. या खटाटोपातून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती क्रमिक पुस्तक मालिका’ हे सहा भाग उभे राहिले. मूळ लेखन मराठीत होते. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने त्यांच्या हिंदी आवृत्त्या काढल्या आणि ही पुस्तके देशभर पोहोचली.

त्यातले एखादे पान नीट पाहण्यासारखे असते. वर रागाचे आणि तालाचे नाव. खाली स्वरांची ओळ आणि तिच्याखाली शब्दांची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र सप्तकातल्या स्वराला खाली टिंब, तारातल्या स्वराला वर. एका मात्रेत दोन किंवा चार स्वर बसवायचे असतील तर त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखी कमान. मींड असेल तर ती कमान वरून. समेला गुणाकाराचे चिन्ह, खालीला शून्य, शब्द लांबला तर अवग्रह. इतक्या थोड्या खुणांत एक पूर्ण बंदिश मावते. विष्णु दिगंबर पलुसकरांची लिपी वेगळी होती. तीत समेला एकचा आकडा आणि खालीला अधिकचे चिन्ह असे, मात्रांच्या खुणाही अधिक बारीक होत्या. शिकायला भातखंड्यांची लिपी सोपी, म्हणून तीच अधिक रुजली.

स्वरलिपीवर आक्षेप पहिल्या दिवसापासून होता. पुस्तकावरून गायलेली चीज कोरडी लागते, गळ्यातली जागा कागदावर येत नाही, हे गवई सांगत आले आणि ते खरेच आहे. आंदोलित गांधार किती हलवायचा, हे कोणत्याही रेघेने दाखवता येत नाही. पण हा आक्षेप पुस्तकाच्या संग्राहकाला लागू पडत नाही. तो पुस्तकावरून गायला बसलेला नसतो. रेडिओवर ऐकलेल्या चिजेचे शब्द उच्चारात हरवले, मुखडा कुठल्या मात्रेवरून उचलला ते कळले नाही, की तो क्रमिक पुस्तकाचे पान उघडतो आणि ऐकलेले ताडून पाहतो. पाश्चात्त्य संगीतात कागदाचे स्थान निराळे आहे. मुंबईत धोबीतलावला 1865 पासून चालत आलेल्या फुर्टाडोजमध्ये मिळणारी बेथोव्हेनची छापील संहिता म्हणजे जवळपास ती कृतीच. वादकाने ती तशी वाजवायची असते. आपल्याकडचे पान आठवणीला आधार देते, बाकीचे गाणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने भरायचे.

या पुस्तकांची एक समृद्ध मराठी परंपरा पुढे तयार झाली. रामकृष्णबुवा वझ्यांचा ‘संगीत कला प्रकाश’, बी. आर. देवधरांचा ‘रागबोध’, मास्तर कृष्णरावांचा ‘रागसंग्रह’, रातंजनकरांची ‘अभिनव गीतमंजरी’, आणि 1965 मध्ये आलेला कुमार गंधर्वांचा ‘अनूपरागविलास’, ज्यात त्यांच्या स्वतःच्या बंदिशी स्वरलिपीसह आहेत. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकेही याच रांगेत ठेवावीत. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ असे तीन तपशील दिलेले असत. चाल म्हणजे ते पद ज्या मूळ चिजेवर बेतले तिची खूण. एका नाट्यपदावरून मूळ ख्याल किंवा ठुमरी शोधून काढण्याचा छंद अनेकांना लागला तो या एका ओळीमुळे.

आणि मग हातवह्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार परीक्षा लहान-लहान गावांत गेल्या, तशा शिक्षकांच्या वह्याही तिथे तयार झाल्या. शाईने लिहिलेली सरगम, पेन्सिलीने केलेली दुरुस्ती, समासात गुरूचे नाव. एकाच चिजेचे चार वह्यांत चार पाठ सापडतात. छापील पुस्तक ज्या चिजेचा एकच पाठ देते, तिचे तोंडोतोंडीचे वेगवेगळे प्रवास या वह्यांत राहिले आहेत. संशोधनाच्या दृष्टीने त्यांचे मोल छापील पुस्तकाहून कमी नाही, उलट जास्तच आहे. कारण छापील प्रत दुसरीकडे मिळू शकते, वही एकच असते.

तबकडी आली आणि प्रश्न बदलला. नोव्हेंबर 1902 मध्ये फ्रेड गाइसबर्ग यांनी कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तिथून भारतीय ध्वनिमुद्रिकांची कहाणी खऱ्या अर्थाने सुरू होते. सुरुवातीच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना गाणारे कोण हे कळावे म्हणून गायिका शेवटी आपले नाव मोठ्याने सांगत असे. पुढे छपाई भारतातच होऊ लागली आणि ती गरज संपली. ते नाव उच्चारणे हीच खरे तर पहिली नोंद: आवाजासोबत आवाजाची ओळखही त्याच खाचेत कोरलेली.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मिळत. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला ही अडचण वाटली नसती तरच नवल. तरीही अब्दुल करीम खाँ साहेबांच्या तबकड्या ऐकताना काही कमी पडल्यासारखे वाटत नाही. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकूनच भीमसेन जोशी लहानपणी गाण्याच्या ओढीने घराबाहेर पडले, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले. भूगंधर्व रहिमत खाँ 1922 मध्ये गेले. त्याआधी थोडाच काळ, उतारवयात, त्यांच्या काही तबकड्या निघाल्या. त्या मिनिटांवरून त्यांच्या ऐन उमेदीतल्या गाण्याचा अंदाज बांधत रसिकांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या.

काहींनी तेवढेही मागे ठेवले नाही. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले, अल्लादिया खाँ 1946 मध्ये. दोघांचीही ध्वनिमुद्रिका नाही. महाराष्ट्राच्या गायकीला ज्यांनी वळण दिले त्या दोन गवयांचा आवाज आज कुणालाही ऐकता येत नाही. त्यांच्याविषयी जे कळते, ते शिष्यांच्या गळ्यातून आणि ऐकणाऱ्यांच्या लेखणीतून. गोविंदराव टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’मध्ये या दोघांच्या गाण्याविषयी लिहिले नसते, तर आज हाती फार थोडे उरले असते. केशवराव भोळे ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ या नावांनी गायकांवर लिहीत. वामनराव देशपांडे हिशेबतपासनीस होते. त्यांनी 1961 मध्ये ‘घरंदाज गायकी’ लिहिले आणि घराण्याघराण्यांत स्वर आणि लय यांचे नाते कसे बदलते याची मांडणी केली. या लेखनाचे मूळ बैठकीनंतरच्या गप्पांत आहे. गाणे संपले, पानाचे तबक फिरले आणि ‘त्या तिसऱ्या आवर्तनात काय झाले’ यावर वाद रंगला, त्यातून मराठी संगीतसमीक्षा उभी राहिली. म्हणून रसिकांच्या बोलण्याला रिकामपणाची करमणूक मानणे चूक आहे. जिथे तबकडी नाही, तिथे तेवढाच पुरावा आहे.

स्वातंत्र्यानंतर हे बोलणे खेड्यापाड्यांत पोहोचवले ते आकाशवाणीने. 1952 मध्ये शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षे शास्त्रीय संगीताच्या बाजूने हट्टाने उभे राहिले. चित्रपटगीतांबाबतच्या त्यांच्या धोरणावर पुष्कळ टीका झाली, ती योग्यही होती. पण दूरच्या जिल्ह्यातल्या श्रोत्याला अमीर खाँ आणि केसरबाईंच्या पिढीतले कलावंत घरबसल्या भेटले, यात त्या काळाचा वाटा मोठा आहे. खानदेशाला 1976 मध्ये जळगावचे केंद्र मिळाले. निवेदक गायकाचे नाव, राग, ताल आणि साथीदार सांगे, आणि ऐकणारा ते रोजनिशीत टिपून घेई. या नोंदींना कुणी कधी संग्रह म्हटले नाही, पण त्या संग्रहच होत्या.

पुढे स्पूलचे टेपरेकॉर्डर आले आणि ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघर झाली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. विलंबित संपून द्रुत रंगात आली, की नेमकी बाजू संपायची. ती उलटेपर्यंत तानेची एक-दोन आवर्तने हातची जायची आणि त्या टेपेच्या प्रत्येक पुढच्या प्रतीत तोच खड्डा राहायचा. अनुभवी मंडळी या खड्ड्यावरून सांगू शकतात, की अमक्याकडची प्रत तमक्याच्या प्रतीवरून काढलेली आहे. कोण कोणाला ऐकवत होते, याचा तो चालता-बोलता दाखला.

खासगी बैठकींच्या टेपा हा या व्यवहारातला सर्वांत नाजूक भाग. केसरबाई केरकरांनी तबकड्या दिल्या, पण आपले गाणे कुणीही कसेही मुद्रित करावे हे त्यांना मान्य नव्हते. तरी त्यांच्या बैठकींच्या टेपा रसिकांत फिरल्या. कलावंताची इच्छा आणि पुढच्या पिढीची गरज यांत इथे सरळ विरोध आहे. तो रसिकांच्या प्रेमाने मिटत नाही. कायद्यापुरते बोलायचे, तर प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो आणि कलावंताचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क 50 वर्षे. म्हणजे साठीच्या दशकाआधीच्या तबकड्या आता खुल्या आहेत. नंतरच्या टेपांबाबत कलावंताच्या घरच्यांना विचारणे हाच सभ्य मार्ग.

याच केसरबाईंची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसवून अवकाशात पाठवली गेली. तिची शिफारस रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीतज्ञाने केली होती, पण ती मिळेना. अखेर न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. कुणीतरी ती तबकडी मागवली, ठेवली आणि टाकून दिली नाही, एवढ्यावर हे काम झाले.

तबकड्यांची शास्त्रशुद्ध मोजदाद महाराष्ट्रात सुरू झाली ती 1990 मध्ये. नारायण मुलानी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सुरेश चांदवणकर आणि ऑस्ट्रेलियातले मायकेल किनिअर यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था काढली. श्रवणसभा घ्यायच्या, तबकडी लावायची, ती कशी मिळाली ते सांगायचे आणि माहिती ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकात छापायची, असा तिचा शिरस्ता. किनिअर यांनी 1899 ते 1908 या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची सूची पुस्तकरूपाने काढली. हे काम किती किचकट असते, ते एक तबकडी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. लेबलवर गायकाचे नाव, राग आणि कंपनीचा विक्री क्रमांक असतो. पण तारीख शोधायची तर लेबलाशेजारच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला बारीक मॅट्रिक्स क्रमांक वाचावा लागतो. तो उजेडात तिरका धरला तरच दिसतो. त्या क्रमांकाची शेजारच्या क्रमांकांशी सांगड घातली, की ते मुद्रण कुठल्या दौऱ्यातले ते समजते. साथीदारांची नावे मात्र लेबलवर बहुधा नसतात. ती ऐकून, आठवून आणि दहा जणांना विचारूनच ठरवावी लागतात.

रागाच्या नावाचेही तसेच. कौशी कानडा काही घराण्यांत मालकंस अंगाने गातात, काहींत बागेश्री अंगाने. बिभासचे तर तीन वेगळे प्रकार प्रचारात आहेत. टेपेवर नुसते ‘बिभास’ लिहिलेले असेल तर त्यावरून पुढच्या पिढीला काहीच कळणार नाही. आज यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपवर दुर्मीळ गाण्यांचा पूर आहे. ही आनंदाचीच गोष्ट. नंदुरबारच्या विद्यार्थ्याला जे आज खिशातल्या फोनवर मिळते, ते पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या संग्राहकालाही मिळत नव्हते. पण एकाने चुकीचा राग लिहिला, की तीच चूक पुढच्या सगळ्या प्रतींवर चढते. साल नाही, ठिकाण नाही, तबलजीचे नाव नाही. ज्याने चाळीस वर्षे हार्मोनियमवर साथ केली, तो अशा प्रतींतून कायमचा पुसला जातो. या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा अन्याय म्हणावा लागेल.

दुकानेही हे बोलणे चालू ठेवत. मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झाले. पुण्यात सुरेश अलूरकरांच्या अलूरकर म्युझिक हाऊसने मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारख्यांच्या कॅसेटी स्वतः काढल्या. तिथे खरेदीइतकाच ऐकण्या-सांगण्याचा व्यवहार होता. 1953 पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने ‘षड्ज’मध्ये कलावंतांवरचे लघुपट आणि ‘अंतरंग’मध्ये मुलाखती असे उपक्रम जोडले, ते या जागेची थोडी भरपाई करतात. पण ध्वनिक्षेपकांवरच्या वेळेच्या निर्बंधांमुळे रात्रभराच्या बैठकी संपल्या. मध्यरात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललत त्यांच्या वेळी समोर बसून ऐकणे आता पुणेकरालाही दुर्लभ झाले आहे. त्या बाबतीत पुणे आणि नंदुरबार एका पातळीवर आले आहेत.

खानदेशाला स्वतःचा वारसा नाही असे नाही. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी जळगावला मेहबूब खाँ यांच्याकडे गाणे शिकले. त्यांच्या नावाचा बालगंधर्व संगीत महोत्सव जळगावला वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान भरवते. पश्चिमेला बडोदा. तिथे 1886 मध्ये मौलाबक्षांनी संस्थानाची गायनशाळा सुरू केली आणि पुढे फैयाज खाँ दरबारगायक झाले. नंदुरबार या दोहोंच्या मधोमध, सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे. आणि उत्तरेला सातपुड्यात काठी गावची होळी रात्रभर ढोलावर जागते. ते संगीत ना क्रमिक पुस्तकांत आहे ना तबकड्यांच्या सूचीत. शास्त्रीय संगीताच्या संग्राहकांनी कमावलेली शिस्त त्या ढोलांच्या चालींना लावली, तर ती तिथेही तितकीच उपयोगी पडेल, आणि लावलीच पाहिजे.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या जुन्या संगीतशिक्षकांच्या वह्यांची पाने मोबाईलवर छायाचित्रित करता येतात. जुन्या कॅसेटी थेट यंत्रात घालण्याआधी बुरशी तपासावी, फीत सैल असेल तर हाताने गुंडाळून घ्यावी आणि पहिल्याच वादनात डिजिटल प्रत करावी, कारण दुसऱ्या वादनाची खात्री नसते. मूळ खोक्यावर लिहिलेले काहीही पुसू नये. आणि ज्या घरी ती टेप आहे, तिथल्या वडीलधाऱ्यांसमोर ती प्रत लावून त्यांना बोलते करावे. ‘हा आमच्या ओसरीवरचा कार्यक्रम, गणपतीतला, तबल्यावर अमुक मास्तर’ असे ते सांगतील ते त्याच प्रतीच्या शेवटी त्यांच्याच आवाजात मुद्रित करून ठेवावे.